चिनी विद्यार्थी आणि गळलेला 'टू'

चीनमध्ये शालेय शिक्षण संपवणाऱ्या मुलांच्या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेला 'गाओकाओ' म्हणतात. एकूण 750 गुणांपैकी 150 गुण परकी भाषेला असतात आणि बहुतेकांसाठी ही परकी भाषा म्हणजे इंग्रजी. या इंग्रजीच्या पेपरात ली हुआ नावाचे एक पात्र वर्षानुवर्षे भेटत आले आहे. 'समजा, तुम्ही ली हुआ आहात' असे प्रश्नात सांगितलेले असते आणि मग कुणा परदेशी मित्राला पत्र लिहायचे असते. कधी एखाद्या सणाला येण्याचे आमंत्रण, कधी चिनी शिकण्याबद्दल सल्ला, तर कधी चीनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मित्राला धीर. ली हुआ मुलगा की मुलगी, हे नावावरून कळत नाही, पण या नावाने पत्र लिहिले नाही असा चिनी विद्यार्थी शोधून सापडणे कठीण.

धीर देणाऱ्या अशा पत्रात एक वाक्य हमखास येते: 'आय नो यू कान्ट अडॅप्ट द लाइफ हिअर.' लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, 'इथल्या जगण्याशी जुळवून घेणे तुला जड जाते आहे, हे मला ठाऊक आहे.' भावना चांगली आहे, शब्दही बरोबर निवडला आहे. फक्त 'अडॅप्ट'च्या पुढे 'टू' हवा होता, तो राहून गेला.

चिनी विद्यार्थ्यांना अशा गळलेल्या शब्दांचा सराव भरपूर असतो. गाओकाओत अनेक वर्षे त्यासाठी एक खास प्रश्नच असे. छोटा उतारा द्यायचा, त्यात दहा चुका पेरलेल्या, त्या शोधून दुरुस्त करायच्या. शब्द गळला असेल तर त्या जागी काकपदाची खूण करून खाली शब्द भरायचा, जादा असेल तर तिरप्या रेघेने काटायचा, चुकीचा असेल तर अधोरेखित करून खाली बरोबर शब्द लिहायचा. या सरावातून मुलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, ती अशी की 'टू' म्हणजे एका गुणाचा मामला. मला हे फार खटकते. कारण 'अडॅप्ट'च्या बाबतीत 'टू' गेला की केवळ व्याकरण बिघडत नाही, वाक्याचा अर्थच उलटा होतो, आणि नेमके हेच मुलांना कुणी सांगत नाही.

दोन वाक्ये घेऊ. पहिले, 'शी अडॅप्टेड टू द हाउस.' नव्या घरात ती रुळली. स्वयंपाकघर अरुंद होते, नळाला पाणी ठरावीक वेळीच येई, शेजारचा आवाज भिंतीतून ऐकू येई, आणि तिने हळूहळू आपले दिवसाचे वेळापत्रक त्याप्रमाणे बदलले. घर होते तसेच राहिले, बदलली ती. दुसरे वाक्य, 'शी अडॅप्टेड द हाउस.' इथे तिने घरात बदल करून घेतले. आजी चाकाच्या खुर्चीवर आहे म्हणून उंबरठा काढून टाकला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, दिव्याची बटणे खाली आणली. आता घर बदलले आणि ती होती तशीच राहिली. पुढे 'फॉर हर ग्रँडमदर' असे जोडले की बदल कुणाच्या सोयीसाठी केला तेही कळते.

म्हणजे 'अडॅप्ट' या एकाच क्रियापदाच्या पोटात दोन उलट्या दिशा आहेत. माणसाने स्वतःला बदलून परिस्थितीजोगे व्हायचे ही एक, आणि वस्तूला बदलून आपल्याजोगी करायची ही दुसरी. कोणती दिशा, हे इंग्रजी क्रियापद स्वतः सांगत नाही. ते काम इंग्रजीने 'टू', 'फॉर' आणि 'फ्रॉम' या चिमुकल्या शब्दांवर सोपवले आहे. ली हुआच्या वाक्यातला 'टू' गेला तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्याला जे ऐकू आले ते साधारण असे होते: 'इथले जीवन तू तुझ्या सोयीप्रमाणे बदलून घेऊ शकत नाहीस, हे मला ठाऊक आहे.' धीराचे पत्र एकदम दटावणीसारखे वाटू लागते.

मग हा 'टू' गळतो का? निष्काळजीपणा हे त्याचे उत्तर नव्हे. 'जुळवून घेणे' यासाठी चिनीत जे क्रियापद आहे त्याचा उच्चार देवनागरीत जवळपास 'शी-यिंग' असा लिहिता येईल. ते आपले कर्म थेट घेते. 'शी-यिंग'च्या पुढे 'परिस्थिती' हा शब्द ठेवला की झाले, मध्ये काही लागत नाही. 'दुइ' हा शब्द आधी लावून, 'नव्या परिस्थितीबाबत मी रुळलेलो नाही' अशा धाटणीनेही बोलता येते, पण रोजच्या वापरातली आणि शब्दकोशाने मनावर ठसवलेली रचना थेट कर्माचीच. विद्यार्थी 'शी-यिंग म्हणजे अडॅप्ट' असे पाठ करतो आणि मग इंग्रजी शब्द चिनी शब्दाच्या जागेवर नेऊन ठेवतो. जागा चिनी वाक्यातली असल्यामुळे तिथे 'टू'ला वावच नसतो.

हे एकट्या 'अडॅप्ट'चे दुखणे नाही. संगीत ऐकणे, मित्राची वाट पाहणे, बीजिंगला पोचणे या तिन्ही क्रियांची कर्मे चिनीत क्रियापदाला थेट चिकटतात, म्हणून चिनी मुलांच्या इंग्रजीत 'लिसन म्युझिक', 'वेट मी' आणि 'अराइव्ह बीजिंग' अशी वाक्ये येतात. आणि उलटही होते. लग्न करणे यासाठी चिनीत 'त्याच्याबरोबर' म्हणावे लागते, त्यामुळे इंग्रजीत 'मॅरी'ला कारण नसताना 'विथ' जोडला जातो. म्हणजे विद्यार्थी छोटे शब्द विसरतो असे सरसकट म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तो जिथे चिनीला लागत नाहीत तिथे गाळतो आणि जिथे लागतात तिथे घालतो. त्याच्या चुकांमागे शिस्त आहे.

मराठी माणूस या जागी वेगळी चूक करतो. आपण 'परिस्थितीशी' जुळवून घेतो. नामाला 'शी' हा प्रत्यय लावल्याशिवाय आपले वाक्य उभेच राहत नाही, त्यामुळे इंग्रजी बोलतानाही ती जागा आपण सहसा रिकामी सोडत नाही. पण 'शी' म्हणजे 'विथ' हे समीकरण शाळेपासून डोक्यात असते आणि आपण 'अडॅप्ट विथ द सिच्युएशन', 'ॲडजस्ट विथ हर' असे बोलून जातो. वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेलेली महाराष्ट्रातली मुले तिथल्या वर्गमित्रांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा एकाचा 'टू' गळलेला असणार आणि दुसऱ्याच्या 'टू'च्या जागी 'विथ' बसलेला असणार. दोघेही आपापल्या भाषेशी प्रामाणिक आहेत.

उच्चारानेही या गळतीला हातभार लावला आहे. प्रमाण चिनी भाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, शब्दावयव स्वराने संपतो किंवा अनुनासिकाने, फार तर 'र'सारख्या ध्वनीने. 'प्ट' असे दोन व्यंजनांचे जोडटोक तिथे नाहीच. त्यात इंग्रजी बोलणारा 'अडॅप्ट टू' सलग म्हणतो तेव्हा पहिला 'ट' दुसऱ्यात विरून जातो आणि 'टू' नुसता 'ट' एवढाच उरतो. कानावर पडते ते 'अडॅप्ट' इतकेच. ऐकताना जो शब्द पकडीत येत नाही तो बोलताना आपोआप तोंडी कसा येईल? भूतकाळात, 'अडॅप्टेड टू' म्हणताना, मध्ये एक स्वर येतो आणि 'टू' जरा मोकळा होतो. मला वाटते, हे क्रियापद ऐकवायला सुरुवात भूतकाळी रूपापासून करावी.

आता त्या चिनी शब्दाकडे जरा जवळून पाहू, कारण त्यात एक विलक्षण गोष्ट दडली आहे. 'शी-यिंग' दोन अक्षरचिन्हांचा शब्द आहे. दुसऱ्या 'यिंग'चा अर्थ प्रतिसाद देणे. पहिल्या 'शी'चा आजचा अर्थ जुळणारे, योग्य, मानवणारे. पण हे चिन्ह लिहिताना त्याच्या डाव्या बाजूने खाली वळसा घेत जाणारी जी रेघ असते ती चालण्याची निशाणी आहे. रस्ता, येणे-जाणे, दूर-जवळ अशा अर्थांच्या कितीतरी चिन्हांत ती दिसते. शू शन या पंडिताने इसवी सन 100 च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'शुओवेन च्येझी' या कोशात 'शी'चा अर्थच 'जाणे' असा दिला आहे. अमुक ठिकाणाकडे निघणे, हा त्याचा जुना अर्थ. जुळण्याचा अर्थ पुढे रूढ झाला.

म्हणजे इंग्रजीत ज्या 'कडे'साठी वेगळा 'टू' लिहावा लागतो, तो 'कडे' चिनी शब्दाने आधीच गिळलेला आहे. दिशा अक्षरातच आहे म्हणून वेगळ्या शब्दाची गरज पडत नाही. 'अडॅप्ट'चे मूळ लॅटिनमधल्या 'ॲप्टस'मध्ये, म्हणजे 'नीट बसणारे' या अर्थाच्या विशेषणात आहे. दोन्ही भाषांत 'जुळण्या'ची कल्पना सारखीच. चिनी चिन्हात मात्र वरून पावले टाकण्याची खूणही आहे. चिनी मुलांना हे दाखवले तर 'टू' परका वाटणार नाही. आपल्याच अक्षरातली ती चालण्याची रेघ इंग्रजीत सुटी लिहायची आहे, एवढेच त्यांनी लक्षात ठेवायचे.

या 'शी'ला आधुनिक चीनच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. टॉमस हक्स्ली यांनी 1893 मध्ये ऑक्सफर्डला उत्क्रांती आणि नीती या विषयावर व्याख्यान दिले. इंग्लंडमध्ये नाविक शिक्षण घेतलेल्या यान फू यांनी त्याचे भाषांतर आणि त्यावरचे आपले भाष्य 'थ्येन-यान लुन' या नावाने 1898 मध्ये प्रसिद्ध केले. जपानकडून झालेल्या पराभवाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. आपला देश टिकेल की नाही या चिंतेत असलेल्या सुशिक्षित तरुणांनी हे पुस्तक अधाशासारखे वाचले. हर्बर्ट स्पेन्सर यांचे 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' चिनीत चार अक्षरांचे झाले आणि त्यातल्या 'फिटेस्ट'साठी 'शी' हेच अक्षर आले. जो जुळला तो जगला, असा त्या चार अक्षरांचा आशय. शाळांत त्यावर निबंध लिहिले जाऊ लागले.

शांघायच्या एका शाळेत तेव्हा हू हुंगशिंग नावाचा विद्यार्थी होता. जन्म 1891 चा. त्याने एके सकाळी आपल्या मधल्या भावाला विचारले, मला एखादे टोपणनाव सुचव ना. भाऊ तोंड धूत होता. त्याने धुता धुताच सुचवले, त्या चार अक्षरांतला 'शी' घे की. मुलाला ते आवडले. 1910 मध्ये अमेरिकेला शिकायला जाण्यासाठी जी परीक्षा द्यायची होती तिच्या अर्जावर त्याने हेच नाव घातले आणि जगाला तो हू शी म्हणून माहीत झाला. तोंड धुण्याचा हा प्रसंग त्याने पुढे चाळिशीत लिहिलेल्या आत्मकथनात सांगितला आहे. त्याच्या वर्गमित्रांतही निवड, स्पर्धा आणि टिकणे या अर्थांची नावे घेतलेली मुले होती. एका क्रियापदातली कल्पना एका पिढीच्या नावांत उतरली, असे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

हू शींची पुढची वाट या विषयाला धरूनच आहे. कॉर्नेलमध्ये ते शेतकी शिकायला गेले, तिथून तत्त्वज्ञानाकडे वळले आणि कोलंबियात जॉन ड्युई यांचे विद्यार्थी झाले. 1917 मध्ये 'नवयुवक' या मासिकात त्यांनी लेख लिहून मागणी केली की, साहित्य लोकांच्या बोलत्या भाषेत लिहिले जावे. म्हणजे ज्याच्या नावाचा अर्थ 'जुळणारा', त्याने जुन्या ग्रांथिक भाषेशी जुळवून न घेता भाषाच लोकांजोगी करायला सांगितली. इंग्रजीत सांगायचे तर या वाक्यात 'टू' लागणार नाही.

इथून 'अडॅप्ट'च्या दुसऱ्या दिशेकडे जाता येते. वस्तू बदलून उपयोगाची करणे यासाठी चिनीत वेगळी क्रियापदे आहेत. कथा-कादंबरीचे नाटक-चित्रपट करणे म्हणजे 'गाय-ब्येन'. जुनी इमारत, यंत्र, जमीन यांना नवे रूप देणे म्हणजे 'गाय-झाओ'. वेळापत्रक, किंमत, धोरण थोडेफार हलवणे म्हणजे 'त्याओ-जंग'. चिनी विद्यार्थ्याच्या मनात 'अडॅप्ट' फक्त 'शी-यिंग'ला बांधलेला असतो, त्यामुळे 'द फिल्म इज अडॅप्टेड फ्रॉम अ नॉव्हेल' हे वाक्य वाचताना तो थबकतो. चित्रपटाने कादंबरीशी जुळवून घेतले म्हणजे काय केले?

इथे चिनी चित्रपटच कामाला येतात. झांग यीमो यांचा 'रेड सॉर्घम' 1987 चा, मो यान यांच्या कादंबरीवरून केलेला. 'रेझ द रेड लँटर्न' 1991 चा, सू तुंग यांच्या लघुकादंबरीवरून. अशा चित्रपटाबद्दल सांगताना 'गाय-ब्येन' हा शब्द येतो आणि त्याच्या पुढे 'पासून' या अर्थाचे 'झ' हे अक्षर लावता येते. इंग्रजीतला 'फ्रॉम' हुबेहूब त्याच जागी बसतो. त्यामुळे या वापरात चिनी मुलांची चूक कमी होते, हे सहज समजण्यासारखे आहे. दोन्ही भाषांची रचना जुळली की शिकणाऱ्याचे काम निम्मे होते. मराठी वाचकाला उदाहरण हवेच असेल तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा व्ही. शांतारामांचा 1946 चा चित्रपट घ्यावा. तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून केलेला, म्हणून 'अडॅप्टेड फ्रॉम'. आणि स्वतः कोटणीस, जे 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, त्यांच्याबद्दल बोलताना 'अडॅप्टेड टू'.

शब्दांच्या गोंधळाचे आणखी एक ठिकाण सांगायला हवे. चीनमध्ये परीक्षेसाठी शब्द पाठ करण्याची जाडजूड पुस्तके असतात. त्यांतली कितीतरी वर्णानुक्रमे लावलेली असल्यामुळे 'अबॅन्डन' हा, सोडून देणे या अर्थाचा शब्द पहिल्याच पानावर येतो आणि तो सगळ्यांना पाठ असतो. थोडे पुढे गेले की 'अडॅप्ट', 'अडेप्ट' आणि 'अडॉप्ट' हे तिघे जवळजवळ भेटतात. रोमन लिपीत तिघांत एकाच अक्षराचा फरक. मराठीने इंग्रजीतल्या स्वरांसाठी अर्धचंद्राच्या खुणा घेतल्या आहेत, त्यामुळे आपल्याला हा फरक लिपीतच दिसतो. मँडरिनमध्ये 'ॲ' आणि 'ए' यांच्यात इंग्रजीसारखी फारकत नाही. 'बॅड' आणि 'बेड' जिथे एकसारखे निघतात, तिथे 'अडॅप्ट' आणि 'अडेप्ट' वेगळे कसे निघावेत? 'अडॉप्ट'चे अवघडपण मात्र उच्चारापेक्षा अर्थात आहे. त्याचा अर्थ आपलासा करणे: मूल दत्तक घेणे, पद्धत स्वीकारणे, धोरण अवलंबणे. 'वी मस्ट अडॉप्ट टू द न्यू स्कूल' असे लिहिणाऱ्याला शाळेत रुळायचे आहे, पण त्याने शब्द घेतला आहे तो शाळा दत्तक घेण्याचा, आणि वर 'टू' जोडून तोही मोडला आहे. या तिघांना एकत्र शिकवणे मला पटत नाही. एकाची वाक्ये पुरती तोंडात बसली की मग दुसरा आणावा.

'टू' आला तरी पुढे एक वळण उरते. 'अडॅप्ट टू लिव्हिंग अलोन' यात 'लिव्हिंग' का? इंग्रजीत दोन 'टू' आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो, 'आय वॉन्ट टू लिव्ह' मधला. दुसरा नामाआधी येणारा, 'आय वेंट टू शांघाय' मधला. 'अडॅप्ट'चा 'टू' दुसऱ्या जातीचा आहे, त्याच्यापुढे नामच हवे, आणि क्रियापद आलेच तर त्याला नाम होऊन यावे लागते. मराठीत आपण 'एकटे राहण्याची' सवय करतो, म्हणजे आपणही 'राहणे'चे नाम करतो, म्हणून आपल्याला हे पटकन उमजते. चिनी क्रियापद रूप बदलतच नाही. 'राहा' आणि 'राहणे' तिथे एकच. शिकणाऱ्याला एक सोपी कसोटी देता येते: 'टू'च्या पुढे 'इट' घालून पाहा. 'आय हॅव अडॅप्टेड टू इट' हे वाक्य नीट उभे राहते, म्हणजे हा नामाचा 'टू'. 'आय वॉन्ट टू इट' यात 'इट' हे सर्वनाम घातले तर वाक्य कोसळते.

'यूज्ड टू'चा तिढा याच जातीचा आणि चीनमधल्या परीक्षांचा तो आवडता. 'आय यूज्ड टू लिव्ह इन वूहान' म्हणजे पूर्वी राहत असे. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन वूहान' म्हणजे राहायची सवय आहे. त्याचे वेगळे तपशील इथे नकोत. पण सवयीचा विषय निघालाच आहे तर 'अडॅप्ट' कुठे वापरू नये हे सांगितले पाहिजे, आणि माझ्या मते परीक्षेतल्या चुकांपेक्षा हे महत्त्वाचे आहे.

चिनी विद्यार्थ्याने 'आय कान्ट अडॅप्ट टू द फूड हिअर' असे लिहिले तर व्याकरण चोख आहे. तरी इंग्रजी घरचे असलेला माणूस जेवणाबद्दल सहसा असे बोलणार नाही. तो म्हणेल, 'आय कान्ट गेट यूज्ड टू द फूड.' 'अडॅप्ट'मध्ये वागण्याची, कामाची, जगण्याची रीत बदलणे अभिप्रेत असते. जेवण, हवा, आवाज, अंथरूण यांची नुसती सवय व्हायची असते, त्यासाठी काही रीत बदलावी लागतेच असे नाही. 'ॲडजस्ट' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी: छोटी दुरुस्ती, थोडे इकडे-तिकडे करणे. खुर्चीची उंची 'ॲडजस्ट' करतात, घड्याळ मागे-पुढे झालेल्या देशात झोपेची वेळही. आपल्याकडे एसटीच्या बाकड्यावर तिघांच्या जागेत चौथा बसतो तेव्हा तो 'जरा ॲडजस्ट करा' म्हणतो, आणि हा वापर इंग्रजीच्याच अर्थाला धरून आहे.

परमुलखात गेल्यावर अंगाला जे मानवत नाही त्यासाठी चिनीत चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आहे, 'श्वेइ-तू बू-फू'. पाणी आणि माती मानवत नाही, असा त्याचा शब्दशः अर्थ. पोट बिघडणे, अंगावर पुरळ उठणे, झोप न लागणे हे सगळे त्यात येते. आपल्याकडे 'पाणी लागले' म्हणतात ते अगदी हेच. इंग्रजीत याला एका शब्दाचा पर्याय नाही, आणि विद्यार्थी ती पोकळी 'अडॅप्ट'ने भरू पाहतो. तिथे 'द वॉटर डझन्ट ॲग्री विथ मी' म्हणणे जास्त नैसर्गिक. 'रू-श्यांग स्वेइ-सू', म्हणजे ज्या गावात जाल त्या गावची रीत पाळा, हा दुसरा वाक्प्रचार मात्र 'अडॅप्ट टू लोकल कस्टम्स' या इंग्रजीत नीट उतरतो, कारण इथे खरोखरच रीत बदलायची असते. मराठीत आपण 'देश तसा वेश' म्हणून मोकळे होतो.

चुकांकडे कसे पाहायचे याबद्दल भाषाशिक्षणात विचार झालेला आहे. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडले की, शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या मनात भाषेची कोणती व्यवस्था उभी राहते आहे याचा पुरावा. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये त्या मधल्या व्यवस्थेला 'इंटरलँग्वेज' असे नाव दिले: ती धड मातृभाषा नाही, धड परकी भाषाही नाही, पण तिला स्वतःचे नियम आहेत. चीनमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. क्वे शीचुन आणि यांग हुइचुंग यांनी चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनाचा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शाळकरी मुलांपासून इंग्रजी हाच मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांचे लेखन आहे आणि चुकांवर प्रकारवार खुणा केलेल्या आहेत. कोणती चूक कोणत्या पायरीवर होते हे शिक्षकाला अशा संग्रहात बघता येते.

तरीही वर्गात 'अडॅप्ट: शी-यिंग' अशी जोडी फळ्यावर लिहिली जातेच. माझे म्हणणे एवढेच की ती जोडी लिहिताना दुसरा अर्धा भागही लिहावा. 'अडॅप्ट टू: शी-यिंग.' 'अडॅप्ट अमुक फॉर तमुक: गाय-झाओ.' 'अडॅप्टेड फ्रॉम: गाय-ब्येन.' तीन ओळी, तीन चिनी शब्द, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: बदलले कोण?

हा प्रश्न नामाच्या बाबतीतही विचारावा लागतो, आणि आजच्या विद्यार्थ्याला क्रियापदाआधी बहुधा नामच वाचायला मिळते. 'अडॅप्टेशन' हा शब्द हवामानबदलाच्या प्रत्येक कागदात आहे. 2015 च्या पॅरिस कराराचे सातवे कलम त्यावरच आहे. चीनने 2013 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये या विषयावर राष्ट्रीय धोरण जाहीर केले. 2022 चे धोरण 2035 पर्यंतचे आहे. त्याच्या चिनी शीर्षकात 'शी-यिंग'च्या लगेच पुढे 'हवामानबदल' हा शब्द येतो, मध्ये काही नाही. इंग्रजीत मात्र 'अडॅप्टेशन टू क्लायमेट चेंज' म्हणावे लागते. चिनी शीर्षक डोळ्यांपुढे ठेवून कुणी 'वी मस्ट अडॅप्ट क्लायमेट चेंज' असे लिहिले तर हवामानबदलालाच वळण लावायचे आहे, असा अर्थ निघू लागतो. त्या कामाला हवामानाच्या परिभाषेत वेगळा शब्द आहे, 'मिटिगेशन', आणि चिनीतही वेगळा शब्द आहे, 'ज्येन-ह्वान', म्हणजे कमी करणे आणि मंदावणे. कोळसा कमी जाळणे, झाडे लावणे, वीज सूर्यापासून घेणे हे सगळे या खात्यात जाते. समुद्र चढतो आहे म्हणून किनाऱ्यावरच्या शहराने बांध उंच केले, पावसाचा नेम राहिला नाही म्हणून शेतकऱ्याने पेरणीची तारीख पुढे ढकलली, तर ते 'अडॅप्टेशन टू'. आणि त्याच शेतकऱ्यावर लिहिलेल्या कादंबरीचा चित्रपट झाला, तर ते 'अडॅप्टेशन ऑफ' त्या कादंबरीचे. ही तीन वाक्ये शेजारी शेजारी लिहून मुलांना कोण बदलले ते चिनीत सांगायला लावावे, आणि मग छोटा शब्द झाकून तो भरायला द्यावा.